नळावरचा पांढरा थर

नाशिकच्या अनेक सोसायट्यांत एकाच इमारतीत दोन प्रकारचं पाणी येतं. पालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे बरंचसं पावसाचं. त्याचे डाग सावकाश धरतात. बोअरच्या पाण्याचा नळ मात्र बघता बघता पांढरा पडतो, शॉवरची निम्मी भोकं बुजतात आणि साबणाला फेसच येत नाही.

याचं कारण जमिनीखाली आहे. मातीतून मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. मग ते काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये मुक्काम करतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअरमधून वर आल्यावरही ते स्वच्छच दिसतं. नळाच्या टोकाला थेंब सुकला की वायू उडून जातो आणि मागे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट उरतं. म्हणजे चुनखडी! पाणी तापवलं की हे आणखी झपाट्याने होतं, म्हणून गीझरच्या कॉइलवर जाड थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठीणपणा ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. त्यामुळे पिण्याजोगं ठरलेलं पाणीही नळ पांढरा करू शकतं.

डाग चुनखडीचा आहे, तर तो घासून नव्हे, आंबटाने जातो. साधं पांढरं व्हिनेगर चालतं. वाण्याकडे लिंबू सत्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड त्याहून स्वस्त पडतं आणि वासही येत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा. जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. फडकं सुकू लागलं तर पुन्हा ओलं करा. बारीक बुडबुडे दिसले तर काम सुरू आहे असं समजा. नंतर जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. थर जाड असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

शॉवर काढता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून ती रबराने शॉवरवर बांधा. नळाच्या तोंडाची जाळी मात्र फिरवून काढा आणि वाटीत भिजवा. धार वाकडी येण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. फेस छान येतो, पण सोडा आंबटपणाच मारतो, म्हणजे डाग काढणारं द्रव्य आपणच वाया घालवतो. तारेची घासणीही नको. नळावरचा क्रोमचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो ओरखडला की पुढचे डाग तिथेच घट्ट बसतात. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याच्या नळांना आंबट लावण्याआधी कंपनीची सूचना वाचा. संगमरवर, कोटा, शहाबादी या फरशा स्वतःच चुनखडीच्या कुळातल्या, त्यांच्यावर हे पाणी सांडलं तर चकाकी जाते.

इतकं करूनही काचेवर धूसर पट्टे राहिले तर तो सिलिकाचा थर असू शकतो. पाषाणातल्या पाण्यात सिलिकाही असते आणि तिच्यावर लिंबू सत्वाचा काही परिणाम होत नाही. तांबूस डाग लोखंडाचे, त्यांचा उपाय वेगळा. चुनखडीच्या डागांसाठी खरा उपाय रोजचा आहे: आंघोळ झाल्यावर वायपर आणि कोरडं फडकं फिरवणं. पाणीच सुकू दिलं नाही तर मागे उरणार काय?

टॉयलेट साफ करायचं कडक ॲसिड नळाला लावू नका. ते क्रोम खातं आणि फरशीच्या सांध्यांतलं सिमेंटही. आणि कुठलंही ॲसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.