यंत्रमानवातील चालक मोटारींची अनियमितता

आज्ञा सारखीच असूनही यंत्रमानवाची चाके फिरवणाऱ्या मोटारी अडखळणे, मध्येच थांबणे किंवा असमान गतीने फिरणे, यास चालक मोटारींची अनियमितता म्हणतात. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या यंत्रमानवांत हा दोष वारंवार आढळतो. अशा यंत्रमानवांची एबीयू रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली.

कारणे

दोष आज्ञावलीत असल्याचे भासले, तरी त्याचे मूळ अनेकदा वीजपुरवठ्यात असते. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. त्यामुळे बॅटरीचा दाब घसरून सूक्ष्मनियंत्रक बंद पडतो व पुन्हा सुरू होतो. एल२९८ या मोटार-चालक चिपमध्ये १ अँपिअर प्रवाहाला सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे ६ व्होल्टच्या बॅटरीतून मोटारीला जेमतेम ४ व्होल्ट मिळतात. सैल जोडणी, सामाईक ग्राउंडचा अभाव आणि मोटारीतील ब्रशच्या ठिणग्यांमुळे होणारा विद्युत व्यत्यय ही अन्य कारणे होत.

निदान व उपाय

प्रथम यंत्रमानव चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजतात. नंतर दोन्ही मोटारींच्या जोडण्यांची अदलाबदल करतात. दोष मोटारीबरोबर सरकल्यास तो मोटारीत, तिच्या तारेत किंवा गिअरमध्ये असतो. मूळ जोडणीवरच राहिल्यास चालक चिप, तिला येणारे संकेत किंवा आज्ञावली तपासतात. व्यत्यय कमी करण्यासाठी मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक धारित्र जोडतात. नियंत्रकाला स्वतंत्र पुरवठा दिल्यास दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडणे आवश्यक असते.