डब्यावरची खूण

मुलांनो, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मंचरला मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले. कर्जाऊ आणलेल्या पैशांपैकी निम्मे पैसे मोठा फलक, रोषणाई आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा यांतच गेले. उरलेल्या पैशांतून त्याने दोन अनोळखी मुले पगारावर ठेवली. त्यांना मोबाइलची काचही धड बदलता येत नव्हती. पाचव्या महिन्यात दुकानाला कुलूप लागले. तो म्हणाला, "सर, भांडवल कमी पडले." मला ते पटले नाही. हल्ली नव्या धंद्याला स्टार्टअप म्हणतात. पण थोड्या भांडवलात धंदा कसा उभा करावा, हे आपल्याच भागातल्या माणसांनी फार पूर्वी दाखवले आहे.

जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांची पश्चिमेकडची गावे डोंगराळ आहेत. पावसाळ्यात भात पिकतो. पुढे हाताला काम राहत नाही. म्हणून तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आली. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याचे काम सुरू केले. या कामात ही मंडळी शिरली. हेच मुंबईचे डबेवाले.

जाहिरातीला पैसे नव्हते. मग गिऱ्हाईक कसे मिळाले? कचेरीत एकाचा डबा रोज वेळेवर येतो, हे शेजारी बसणारा माणूस पाहतो. महिनाभर पाहिल्यावर तो विचारतो, "तुमचा डबा कोण आणतो हो?" झाली जाहिरात! शिवाय डोक्यावरची पांढरी टोपी म्हणजे चालती पाटीच. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांची खूण असते. डबा कुठून आला, कुठे उतरवायचा, कोणत्या इमारतीत द्यायचा, हे त्यावरून कळते. या कामाची कीर्ती इतकी पसरली, की 2003 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेट स्थानकाजवळ येऊन भेटले. जगभर नाव झाले, तेही एक पैसा न खर्चता.

माणसे नेमण्याची रीतही बिनखर्चाची. जुना माणूस आपल्या गावातला, नात्यातला मुलगा आणतो. मुलाने चूक केली तर आणणाऱ्याचा शब्द जातो. म्हणून तो पारखूनच आणतो. नवा माणूस आधी ठरलेल्या पगारावर काम शिकतो, पुढे भागीदार होतो. एकदा कमाईत वाटा मिळाला, की डबा चुकला तर नुकसान त्याचे स्वतःचेही असते.

या रीतीतली एक गोष्ट मात्र मला खटकते. ओळखीतूनच माणसे घेतली, तर ओळख नसलेल्या हुशार मुलाने जावे कुठे? आणखी एक. 2020 च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, डबे थांबले आणि कितीतरी डबेवाले गावी परतले. गिऱ्हाईकच घरी बसले, तर चांगल्या नावानेही चूल पेटत नाही.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. आता त्याने जुन्नरला मामूंच्या दुकानाच्या ओट्यावर एक टेबल मांडले आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोबाइलच्या पाठीवर तो तारखेची चिठ्ठी चिकटवतो. तीन महिन्यांत तोच बिघाड पुन्हा झाला, तर पैसे घेत नाही. मदतीला एक मुलगा आहे, ओळखीचा नव्हे. पंधरा दिवस तो शेजारी बसून नुसते काम पाहत होता. मगच त्याच्या हाती पेचकस दिला.