पालक-शिक्षक संपर्क

विद्यार्थ्याचा अभ्यास, वर्तन, आरोग्य, उपस्थिती इ. बाबींसंबंधी त्याचे शिक्षक व पालक यांच्यात होणारी माहितीची व विचारांची देवाणघेवाण. बालकाचा दिवस घर व शाळा यांत विभागलेला असल्याने एका ठिकाणच्या घडामोडींचे परिणाम दुसऱ्या ठिकाणी उमटतात. म्हणून हा संपर्क अध्यापनाचाच भाग मानला जातो.

त्यास संघटित रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी १८८७ मध्ये पालकांची शिक्षणविषयक संघटना सुरू केली. अमेरिकेत ॲलिस मॅक्लेलन बर्नी व फीबी ॲपरसन हर्स्ट यांनी १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरविली. तिच्यातूनच पुढे पालक-शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. भारतात २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक असून तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. तथापि समितीचे काम शाळेच्या कारभाराशी निगडित आहे. एकेका मुलाविषयीचे बोलणे तेथे होत नाही व होऊही नये.

ते बोलणे प्रगतिपुस्तक, दैनंदिनी, चिठ्ठी, पालकसभा व गृहभेट यांद्वारे होते. यांपैकी लेखी साधने पालक साक्षर आहेत असे गृहीत धरतात. ज्या घरातील मूल शाळेची पायरी चढणारे पहिलेच असते, तेथे शिक्षकांची चिठ्ठी तेच आईवडिलांना वाचून दाखविते. म्हणजे ज्याच्याविषयीचा मजकूर, तोच त्याचा वाचक ठरतो. ‘गणितात मागे आहे’ हे वाक्य वाचताना गळले, तर त्यात नवल नाही. प्रगतिपुस्तकावरील स्वाक्षरी वा अंगठा ते पुस्तक घरी पोहोचल्याचा पुरावा होय, मजकूर कळल्याचा नव्हे. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ हा निरोप बहुधा तक्रारीसाठीच असतो. त्यापायी दिवसाची मजुरी बुडते आणि शाळा म्हणजे मान खाली घालून उभे राहण्याची जागा, अशी पालकांची समजूत होते. पालक उदासीन असतात, हा शाळांतून वारंवार ऐकू येणारा निष्कर्ष या कारणाने तपासून घ्यावा लागतो.

गृहभेटीत ही अडचण बरीच दूर होते. मुलाला अभ्यासाला जागा व दिवा आहे का, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, हे शिक्षकांना न विचारताच दिसते. भेट शेतावरून वा कामावरून माणसे परतल्यावर घ्यावी. मुलाला काय येते ते आधी सांगावे व उणिवांची चर्चा शेजाऱ्यांसमोर करू नये. मोबाइलवरील संदेशांनी सूचना पोहोचविणे सोपे केले आहे. निरक्षर पालकांना ध्वनिमुद्रित निरोप उपयोगी पडतो. परंतु घरात एकच फोन असेल व तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर आईपर्यंत काही पोहोचत नाही.

मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत या संपर्काची वेळ निर्णायक ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात व हंगाम संपल्यावर परततात. मूल आजीजवळ राहणार, हंगामी वसतिगृहात जाणार की फडावर, हे निघण्यापूर्वीच ठरते. त्याआधी शिक्षक घरी गेले, तर तोडगा निघू शकतो; बिऱ्हाड हलल्यावर काढलेली गैरहजेरीची नोटीस कुलूप लावलेल्या दारावर जाते.