पडद्यावरचें भय आणि त्याची किंमत

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं लहानमोठी अकरा मंडळी जमली होती. दिवसा फराळ आणि पत्ते, व रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे चित्रपट, असा क्रम आपोआपच ठरून गेला. कोणता चित्रपट पाहावयाचा यावरून मात्र रोज वाद. धाकट्यांना ॲनिमेशनचा हवा, मोठ्यांना साहसाचा, आणि कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याला भयपटावांचून दुसरें कांहीं रुचेना. अखेर आळीपाळीनें तिन्ही प्रकार पाहण्यांत आले. तीं चार रात्रींचीं जागरणें करतांना जो विचार आमच्या मनांत घोळत राहिला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

हल्लीं चित्रपटांत दाखवितां येत नाहीं असें कांहींच उरलेलें नाहीं. संगणकाच्या साहाय्यानें समुद्र उसळवितां येतो, म्हाताऱ्या नटाला तरुणाचें तोंड देतां येतें. तथापि प्रेक्षकाचा जीव खालींवर होण्यास आणखी कांहीं लागतें. पडद्यावरील जिवाचें कांहीं तरी जाणार आहे, आणि तें एकदां गेलें कीं परत यावयाचें नाहीं, अशी त्याची खात्री पटावी लागते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) घ्या. हा प्रथम प्रदर्शित झाला तेव्हां फारसा कोणी पाहिला नाहीं. २०२४ सालीं पुन्हां लागला तेव्हां पहिल्यापेक्षां अधिक चालला. कोंकणांतला न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि त्यांत पुरलेल्या सोन्याचा लोभ, एवढीच सामग्री. हस्तर या शापित देवपुत्राला सोनें मिळालें, पण धान्य मिळालें नाहीं. म्हणून त्याला भुलविण्यास कणकेची बाहुली लागते. आमच्या मतें या चित्रपटाचें सारें सामर्थ्य या एका कल्पनेंत आहे. कणीक कोणाच्या घरांत नाहीं? भय परक्या देशांतून न आणतां परातींतून उचललें आहे. तशीच ती सांखळदंडानें बांधलेली आजी. तिला खाऊं घालण्याचें काम लहान मुलावर येतें, तो प्रसंग पाहतांना आमच्या पुतण्यानेंही उशी छातीशीं धरली. घरांतील अतिवृद्ध माणसाविषयीं मुलांना एकाच वेळीं माया आणि धास्ती वाटत असते. ती येथें नेमकी पकडली आहे.

पुढें विनायक मोठा होऊन पुण्याहून परत येतो, आणि बापाचा लोभ मुलाच्या अंगीं उतरूं लागतो. हा भाग उत्तम. परंतु शेवटीं बाहुल्या वाढवाव्या आणि त्याबरोबर हस्तरही वाढावे, ही युक्ति आम्हांस पटली नाहीं. एक होता तोंवर धडकी भरत होती. अनेक झाल्यावर केवळ धांवपळ उरली. हा चित्रपट मुलांनीं पाहण्याजोगा नव्हे हें आम्ही स्पष्टच सांगतों. आम्हीं लहानांस आधींच निजविलें होतें. तरी दाराआड उभ्या असलेल्या एका चिरंजीवांनीं सकाळीं विचारलेंच, “एक नाणें घेऊन तो घरीं कां नाहीं गेला?” चित्रपटाचें मर्म त्यास आमच्याआधीं कळलें होतें.

दुसऱ्या रात्रीं ‘फ्लो’ (२०२४) लावला. लाट्व्हिया या लहानशा देशांतील गिंट्स झिल्बालोडिस यांनीं तो ‘ब्लेंडर’ नांवाच्या, कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या साधनावर केला, आणि २०२५ सालीं त्यास ऑस्कर मिळालें. सबंध चित्रपटांत एक शब्द नाहीं. महापूर येतो, मांजराचें घर बुडतें, आणि एका होडींत कुत्रा, लेमूर, एक उंच पायांचा पक्षी व कॅपिबारा नांवाचा सुस्त प्राणी असे सोबती मिळतात. मांजर मांजरासारखेंच वागतें. फुरंगटतें, भितें, पाण्याकडे पाहून अंग आखडतें. म्हणूनच तें पहिल्यानें बुडी मारून मासा धरतें तेव्हां मुलें टाळ्या पिटतात. प्राण्यांनीं सुकाणू धरून होडी हांकावी हें आम्हांस थोडें अति वाटलें, आणि कित्येक ठिकाणीं प्राण्यांचीं अंगें अपुऱ्या रंगविलेल्या चित्रासारखीं दिसतात. पण पाणी ओसरल्यावर तो प्रचंड जलचर कोरड्यावर पडलेला दिसला, तेव्हां सहा वर्षांच्या नातीनें विचारलें, “आतां याचें काय होणार?” कोणासही उत्तर देववेना.

तिसऱ्या रात्रीं आमच्याकडील ‘महावतार नरसिंह’ (२०२५) झाला. त्याविषयीं थोडक्यांत लिहितों. बाप आणि लेक समोरासमोर येतात तेथें, आणि खांब फुटतो तेथें, तो अंगावर कांटा आणतो. युद्धें मात्र लांबतात, आणि कित्येक चेहरे लांकडी वाटतात.

अखेरच्या रात्रीं ‘इंडियाना जोन्स’ मालिकेंतला २०२३ चा चित्रपट. १९८१ च्या पहिल्या चित्रपटांत गडगडत येणाऱ्या गोळ्यापुढून हॅरिसन फोर्ड स्वतः धांवला होता. गोळा खऱ्या दगडाचा नसेल, पण गडगडत होता खरोखर. नव्या चित्रपटाच्या आरंभीं १९४४ सालची आगगाडी आहे, व तिच्या टपावर ऐंशीच्या घरांतील त्याच नटाला संगणकानें दिलेलें तरुण तोंड. तोंड तरुण, आवाज मात्र म्हातारा. तो पडेल ही भीति क्षणभरही वाटत नाहीं. मोटारींचे पाठलाग आले कीं आमचे वडील बंधु, वय वर्षें एकोणऐंशी, खुर्चींतच डुलक्या घेऊं लागले.

शेवटीं हा म्हातारा इतिहाससंशोधक काळ ओलांडून सिराक्यूजच्या वेढ्यांत, आर्किमिडीजच्या समोर जाऊन पडतो. मुलगा युद्धांत गेलेला, बायको दुरावलेली. जन्मभर ज्या काळाचा अभ्यास केला तेथेंच मला राहूं द्या, म्हणून तो विनवणी करतो. येथें तोंड त्याचें स्वतःचें आहे, सुरकुत्यांसह. आप्पा केव्हां जागे झाले होते कोण जाणे. चित्रपट संपला, मुलें उठून गेलीं, दिवा लागला. आप्पांनीं चष्मा पुसला आणि पुतण्यास म्हणाले, “अरे, तेवढा भाग पुन्हां लाव बघूं.”