गावाच्या नावाने गाणाऱ्या

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायल्या आणि गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने उच्चारले. त्या उच्चारात पुष्कळ रसिकांना दिमाख ऐकू येतो, आणि तो त्यात नसेलच असे नाही. परंतु त्याचे मूळ कारण व्यवहाराचे होते, कारण मुद्रित झालेले गायन तबकड्या घडविण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी रवाना होई आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे याची ओळख पटविण्यास गाणारीचा स्वतःचा आवाज हाच काय तो दाखला असे. पुढे तबकडीच्या मध्यावर नाव छापले जाऊ लागले, आणि गाण्याच्या शेवटी नाव सांगण्याचे प्रयोजन उरले नाही.

सांगलीस आमच्या घरी चावीचा फोनो होता आणि त्याची सुई बदलण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. त्यामुळे तबकडीवरील ती छापील नावे गाणे कळण्याच्या कितीतरी आधी मला पाठ झाली. पुष्कळ वर्षांनी १९३० ते १९४० या दशकाचा अभ्यास करू लागलो तेव्हा त्या नावांतील एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल: या चारही नावांच्या अखेरीस एकेक गाव उभे आहे. गावावरून आडनाव घेण्याचा प्रघात मराठी मुलखात सर्वत्र आहे हे खरे. पण इतरत्र आडनावाच्या अलीकडे पित्याचे वा पतीचे नाव असते, आणि येथे ती जागा मोकळी आहे. गोमंतकातील देवस्थानांच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या कलावंत घराण्यांत वंश आईच्या बाजूने चाले. जिला दप्तरात पित्याचे नाव मिळाले नाही तिने गावाचे नाव घेतले, आणि पुढे त्या गावालाच तिच्यामुळे नाव मिळाले.

हिराबाईंची हकीकत याहून निराळी आणि, माझ्या मते, अधिक हृदयस्पर्शी आहे. त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला आणि त्यांचे पाळण्यातले नाव चंपाकली. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ हे त्यांचे पिता, आणि बडोद्याच्या राजपरिवाराशी नाते असलेल्या माने घराण्यातील ताराबाई या त्यांच्या माता. ताराबाई खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या तेव्हा पाचही मुलांना त्यांनी नवी नावे दिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाची सरस्वती झाली, चंपाकलीची हिरा झाली, आणि पित्याच्या नावाच्या ठिकाणी आईचे शहर आले. नाव बदलले तरी गळ्यातील वारसा कोणास बदलता येणार होता? हिराबाईंचा ‘सा’ लागला की ऐकणाऱ्याला करीम खाँसाहेबांची आठवण होई. वस्तुतः त्यांची तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे आणि बंधू सुरेशबाबूंकडे झालेली होती.

तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या गायिका असा हिराबाईंचा लौकिक आहे, आणि या घटनेचे महत्त्व आज सहसा ध्यानात येत नाही. बैठकीत गाणारी स्त्री यजमानाच्या घरी, त्याने बोलाविलेल्या मंडळींपुढे, त्याने ठरविलेल्या बिदागीवर गात असे; तिकिटाच्या जलशात मात्र ज्याने दाम मोजला त्याचा अधिकार खुर्चीपुरता राहिला, आणि त्या खुर्चीवर सहकुटुंब आलेली गृहिणीही बसू लागली. हिराबाई हावभावावाचून, अंगभर पदर घेऊन, नजर स्थिर ठेवून गात. त्या संयमाची काही टीकाकारांनी ‘कुलीनतेचे प्रदर्शन’ म्हणून संभावना केली असली, तरी मला ती टीका मान्य नाही; ज्या समाजाने गाणाऱ्या स्त्रीच्या नजरेवर शतकानुशतके भलता अर्थ लादला, त्या समाजाला केवळ स्वराकडे लक्ष द्यावयास लावणे हे असामान्य धैर्याचे कृत्य होते. सुरेशबाबूंच्या जोडीने त्यांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या, त्याही ज्या काळी बालगंधर्वांचे स्त्रीरूप हाच स्त्रीत्वाचा मानदंड समजला जात होता त्या काळी.

केसरबाईंनी नेमका उलट मार्ग पत्करला. हिराबाईंनी दार उघडले, केसरबाईंनी उंबरठा उंच केला. फोंडे महालातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या या बाईंनी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ, पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे तुकड्यातुकड्यांनी विद्या मिळविल्यानंतर, १९२१ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, अल्लादिया खाँसाहेबांपुढे नव्याने आरंभ केला. तिशीच्या उंबरठ्यावर घटविलेला गळा पुन्हा मोडून घडविणे म्हणजे काय, हे गाणारेच जाणोत. या तालमीचे फळ शतकाच्या चौथ्या दशकात सर्वांच्या कानी आले. परंतु बाईंनी ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या, नभोवाणीपासून त्या दूर राहिल्या, आणि धोंडूताई कुलकर्णी यांच्यावाचून कोणास शिष्या म्हणून विद्या दिली नाही. त्यांच्या भैरवीचे एक ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेले. दोहोंतील नंतरचे यान निघाल्यावर अकरा दिवसांनी बाईंचे निधन झाले.

ज्योत्स्नाबाई भोळे मूळच्या बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाट्यमन्वंतर संस्थेच्या नाटकात पती केशवराव भोळे यांच्या चालींवर त्या गायल्या, आणि मराठी रंगभूमीवर भावगीताच्या हळुवार उच्चाराला स्थान मिळाले. याच केशवरावांनी प्रभातच्या ‘कुंकू’ चित्रपटात (१९३७) शांता आपटे यांच्याकडून गाऊन घेतले. शांताबाईंना आडनावाची अडचण नव्हती, करारनाम्याची होती. १९३९ साली त्यांनी चित्रसंस्थेच्या फाटकापाशी उपोषण आरंभिले आणि पुढील वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. धारवाडच्या गंगूबाईंच्या आरंभीच्या तबकड्यांवर तर ‘गांधारी’ असे नाव छापले गेले. हनगल मात्र कायम राहिले. नाव गेले तरी गाव टिकले.

मोगूबाईंविषयी शेवटी लिहितो, कारण त्यांच्या आयुष्यात काहीच सुलभपणे घडले नाही. १९०४ साली गोमंतकातील कुर्डी येथे जन्म. दहाव्या वर्षी मातृवियोग. नाटक मंडळ्यांतून भटकंती. पुढे सांगलीस औषधोपचारासाठी येऊन राहिल्या असता त्यांचा रियाज रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि तालीम सुरू झाली. खाँसाहेब मुंबईस गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या, परंतु तालमीत वारंवार खंड पडला, मध्यंतरी खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांनी शिकविले, आणि विधिपूर्वक गंडा बांधला जाण्यास १९३४ साल उजाडावे लागले. लयीवरील त्यांचे प्रभुत्व असे होते की समेवर येताना त्यांना घाई करावी लागत नसे. कन्या किशोरीताईंना तालीम देताना त्या एकेक जागा गाऊन दाखवीत आणि समजावून सांगणे टाळीत.

साळावली धरणाच्या जलाशयात कुर्डी गाव गेले. वैशाखात पाणी उतरते तेव्हा घरांची जोती, तुळशीवृंदावने आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि इतरत्र वसविलेली मंडळी मुलाबाळांसह तेथे जमतात, पूजा करतात, जुन्या वाटा दाखवितात. मृगाचा पाऊस पडला की ते गाव पुन्हा पाण्याखाली जाते. मोगूबाईंची तबकडी आजही लावली तर तिच्यावर ‘कुर्डीकर’ असे छापलेले असते.