हूल ओळखावी कशी आणि धरावी केव्हां?

पत्त्यांच्या डावांत हूल देणें ही गोष्ट तीनपत्ती पाहिलेल्या घरांत नवी नाहीं. परंतु अमेरिकेंत वाढलेल्या पोकर या खेळांत तिला शास्त्राचें रूप आलें आहे. हूल ओळखणें ही एक गोष्ट, आणि ती ओळखून आपलें धन पुढें लोटणें ही अगदीं दुसरी. या दोहोंमधील अंतर ज्यास समजलें, त्यास या खेळाचें मर्म समजलें असें म्हणावें.

२००३ सालीं लास वेगास येथें झालेल्या पोकरच्या जागतिक मालिकेंतील मुख्य स्पर्धेचें उदाहरण घेऊं. ८३९ स्पर्धकांपैकीं अखेर दोघेच उरले : सॅम फराह हे मुरलेले धंदेवाईक खेळाडू आणि ख्रिस मनीमेकर हे टेनेसी राज्यांतील हिशेबनीस. या प्रकारांत प्रत्येकास दोन पानें झांकून मिळतात व पांच पानें सर्वांसाठीं उघडीं मांडतात. या सातांतून उत्तम पांच निवडावयाचीं. एका डावांत फराह यांची नव्व्यांची जोडी जुळली होती. मनीमेकर यांच्या हातीं इस्पिकचा राजा व बदाम सत्ती होती. चार पानें इस्पिकचीं झालीं, पण पांचवें आलें नाहीं. हात रिकामाच राहिला. तरीही त्यांनीं सर्व चकत्या पुढें सारल्या. फराह बराच वेळ विचारांत पडले. प्रतिपक्षाचा रंग जुळला नसावा, अशी शंका त्यांनीं बोलूनही दाखविली. आणि मग पानें टाकून दिलीं! पुढें मनीमेकर जिंकले व २५ लाख डॉलरांचे धनी झाले.

फराह यांस संशय खरा आला होता. मग अडलें कोठें?

प्रतिपक्षास वाचण्याचे मार्ग दोन. पहिला मुद्रेचा. माइक कॅरो यांनीं १९८४ सालीं या खुणांवर ग्रंथच लिहिला. दुबळेपणाचें सोंग करणारा बहुधा बलवान असतो, हें त्यांतील मुख्य सूत्र. दुसरा मार्ग पैजांचा, आणि जाणते त्यावरच अधिक विसंबतात. प्रत्येक पैज म्हणजे एका गोष्टींतील एकेक वाक्य होय. शेवटच्या पैजेनें जो भारी हात सुचविला जातो, तो आधींच्या पैजांशीं जुळतो काय? जुळत नसेल तर संशयास जागा आहे.

परंतु संशय म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय गणितानें होतो. गल्ल्यांत १०० चकत्या असतां प्रतिपक्षानें आणखी १०० लावल्या, तर आपण १०० घालून २०० मिळवूं पाहतों. म्हणजे तीन वेळांत एकदां हूल निघाली तरी तोटा नाहीं. त्यानें ५० च लावल्या, तर चारांत एकदां पुरें. प्रश्न ‘ही हूल आहे काय?’ असा नसून ‘असल्या प्रसंगीं ती कितीदां असेल?’ असा आहे. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनीं मॉर्गनस्टर्न यांच्यासह १९४४ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत, हूल ही लहर नसून चांगल्या खेळाचें आवश्यक अंग आहे, असें दाखवून दिलें.

स्पर्धेंत मात्र आणखी एक भार पडतो. तेथें चकत्या संपल्या कीं खेळाडू बाद होतो. आणि चकत्या दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाहीं. बक्षिसांची पायरी जवळ आली असतां तीनांत एकदां हें प्रमाण पुरत नाहीं. खात्री अधिक लागते. मोठ्या राशीचा खेळाडू हें जाणतो, आणि नेमक्या त्याच वेळीं हूल देतो.

दोघेच उरल्यावर हा जादा भार गणितांतून जातो, कारण दुसरें बक्षीस दोघांसही ठरलेलें असतें. मनांतून मात्र तो जात नाहीं. फराह यांची रास लहान होती. चुकले असते तर खेळ तेथेंच संपता. पानें टाकणें चूकच होतें, असें उघड झालेल्या पत्त्यांवरून ठरवितां येत नाहीं. निर्णयाचें मोल तो घेतांना हातीं असलेल्या माहितीवरूनच करावें लागतें. म्हणून प्रतिपक्षाची मुद्रा वाचण्याआधीं शहाणा खेळाडू दोन किंमती ठरवून ठेवतो : गल्ल्याची आणि स्वतःच्या भयाची.