स्पॅनिशची बी२ पातळी आणि आपली मराठी



मी तिसरीचा वर्ग शिकवते आणि शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या स्पॅनिशच्या वर्गात स्वतः बाकावर बसते. सर्टिफिकेट झालं, डिप्लोमा झाला, आता त्याच्या पुढचा वर्ग चालू आहे. शिकवणं सगळं इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या मुली मधल्या सुट्टीत हळूच विचारतात, "ताई, आपलं इंग्रजी कच्चं, म्हणूनच हे डोक्यात शिरत नसेल ना?" दोघीजणी तर फी भरूनही यायच्या बंद झाल्या. मला आधी तसंच वाटायचं. आता वाटत नाही. का, ते आज सांगते.

युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. बी१ पर्यंत तुम्ही बाजार, दवाखाना, स्टेशन सांभाळून नेता. बी२ ला मात्र मत मांडायचं, शंका घ्यायची, अट घालायची, इच्छा बोलून दाखवायची. आणि नेमकं इथेच स्पॅनिश क्रियापद आपलं रूप बदलतं. त्या रूपाला म्हणतात सुबखुंतीबो. (स्पॅनिशमध्ये 'व' लिहिला तरी उच्चार 'ब'च्या जवळ जातो, म्हणून मी 'ब' लिहिते.)

इंग्रजीत हे रूप फारसं उरलेलंच नाही. त्यामुळे इंग्रजी पुस्तकं काय करतात, तर यादी देतात. या क्रियापदानंतर वापरा, त्या शब्दानंतर वापरा. मी ती यादी पाढ्यांसारखी घोकली आणि पहिल्याच चाचणीत आपटले.

आता जरा शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. टीईटीसाठी पाठ केलेलं असेल बऱ्याच जणांनी! 'तू येतोस' हा स्वार्थ, म्हणजे घडतंय ते सांगितलं. 'तू यावंस' हा विध्यर्थ, म्हणजे अजून काही घडलेलं नाही, फक्त मनात आहे. स्पॅनिशमध्ये 'तू येतोस' म्हणजे 'बिएनेस'. आणि 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' म्हणजे 'किएरो के बेंगास'. बिएनेसचं बेंगास झालं, जसं येतोसचं यावंस झालं. इंग्रजीतून विचार केला तर हा बदल दिसतच नाही.

पुढचं उदाहरण माझं आवडतं आहे.

आउंके युएबे, साल्गो. पाऊस पडतोय, तरी मी बाहेर पडते.
आउंके युएबा, साल्द्रे. पाऊस पडला तरी मी बाहेर पडेन.

पहिल्या वाक्यात पाऊस खरोखर पडतोय. दुसऱ्यात पडेल की नाही कुणास ठाऊक. मराठीत 'पडला' हे दिसायला भूतकाळी रूप आहे, पण इथे भूतकाळाचा काही संबंध आहे का? नाही. आपण ते लहानपणापासून न शिकवता बोलतो. स्पॅनिशमध्ये तोच फरक शेवटच्या एका स्वरात आहे, 'बे' की 'बा'.

घर शोधतानाही तसंच. 'अंगण आहे ते घर शोधतेय', म्हणजे घर ठरलेलं आहे, पत्ता सापडत नाहीये. तिथे 'के तिएने पातियो'. 'अंगण असेल असं घर शोधतेय', म्हणजे असं घर कुठे आहे की नाही तेही माहीत नाही. तिथे 'के तेंगा पातियो'. 'आहे' आणि 'असेल', झालं.

आणि हे तर बघाच. से मे कायो एल बासो. याचं इंग्रजी करायला गेलं की 'मी ग्लास पाडला' असं होऊन बसतं आणि मूळची मजा जाते. मराठीत सरळ आहे, माझ्या हातून ग्लास पडला. माझ्या वर्गातली पोरं रोज हेच म्हणतात, "बाई, मी नाही पाडला, पडला तो!" स्पॅनिश पोरंही बहुधा असंच निसटत असणार.

पण मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही खरं. 'तो येईल असं वाटतं' आणि 'तो येईल असं वाटत नाही', आपण दोन्हीकडे 'येईल'च म्हणतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'बेंद्रा', दुसऱ्याला 'बेंगा'. 'तू इथे आहेस याचा आनंद वाटतो' यात तर तू समोर बसलेली आहेस, तरी स्पॅनिश तिथे सुबखुंतीबोच मागते, कारण बातमी देणं हा हेतू नाही, भावना सांगणं हा आहे. 'वेळ असता तर गेले असते' हे आपण आजबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीबद्दलही. स्पॅनिशमध्ये त्याची दोन वेगळी वाक्यं होतात. आणि 'एस' नि 'एस्ता' दोन्हींना आपलं एकच 'आहे'. सफरचंद 'एस बेर्दे' म्हणजे हिरव्या जातीचं, 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून पिकलेलं नाही. अशा जागांची मात्र वेगळी वही करा. माझी वही चाळीस पानांची झाली आहे. यादी घोकायचीच असेल तर ही घोका, पुस्तकातली नको.

परीक्षेचं थोडक्यात. इन्स्तितूतो सेर्बांतेसची 'देले' परीक्षा बी२ लाही असते. वाचन आणि लेखन हा एक गट, श्रवण आणि संभाषण हा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी ३० गुण लागतात. म्हणजे वाचन-लेखनात भरपूर गुण मिळवून ऐकण्या-बोलण्यातली तूट भरून काढता येत नाही. आपल्याकडची मुलं तिथेच अडकतात, कारण आपण आयुष्यभर लेखी पेपरच दिलेले. शिवाय सगळीकडची स्पॅनिश सारखी नसते. क्यूबातला माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' बऱ्याचदा गिळतो, अर्जेंटिनात 'तू'ला 'बोस' म्हणतात. पुण्याच्या माणसाला मालवणी किंवा वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकताना होतं तसंच.

त्यासाठी मी रोज भाजी चिरताना स्पेनच्या रेडिओवरच्या बातम्या लावते. सध्या अर्ध्या कळतात. गेल्या दिवाळीत हवामान सोडून काही कळत नव्हतं.